रामशास्त्री प्रभुणे : सत्तेपुढे न झुकलेला माहुलीचा न्यायाधीश

औंध : साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. इथलं विश्वेश्वराचं देऊळ औंधकर पंतप्रतिनिधी घराण्यातल्या श्रीपतरावांनी १७३५ च्या सुमारास बांधलं. याच माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. न्यायाधीश कसा असावा, हे सांगताना आजही गावोगावी त्यांचंच नाव निघतं.

घरची गरिबी, त्यात वडील लवकर गेले. लहानपणी शिक्षण झालंच नाही. साताऱ्यात एका सावकाराकडे ते पडेल ते काम करत. एकदा सावकाराच्या भिकबाळीकडे त्यांची नजर लागली आणि त्याने टोमणा मारला, अशी गोष्ट सांगतात. तो बोल मनाला लागला. ऐन विशीत त्यांनी काशीची वाट धरली. तिथे धर्मशास्त्र शिकून ते पुण्याला आले आणि पेशव्यांच्या दरबारात शास्त्री झाले. १७५९ मध्ये त्यांच्याकडे न्यायखात्याचं मुख्य पद आलं.

थोरले माधवराव पेशवे जपजाप्यात गुंतून कारभाराकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा रामशास्त्र्यांनी त्यांना तोंडावर बजावलं. राज्य करायचं तर रयतेकडे बघा, नाहीतर गादी सोडून गंगेकाठी जाऊन बसा, असा त्या बोलण्याचा अर्थ होता. माधवराव रागावले नाहीत, त्यांनी चूक सुधारली. धन्याने ऐकून घेतलं म्हणून तेव्हा निभावलं. खरी कसोटी पुढे आली.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. वय अवघं अठरा. त्यानंतर चुलते रघुनाथराव पेशवे झाले. त्यांच्यावर संशय सगळ्यांचाच होता, पण उघड बोलणार कोण? कारभारी, सरदार, फौज सगळं त्यांच्या हाताखाली. खुद्द न्यायाधीशही त्यांचाच नोकर.

रामशास्त्र्यांनी लगेच आरोप केला नाही. पुण्यात कुजबुज चालू होती, तरी तिच्यावर निकाल दिला नाही. काही आठवडे गुपचूप चौकशी केली, पुरावा गोळा केला. मूळ हुकूम पकडण्याचा होता, पुढे ‘ध’चा ‘मा’ झाला, ही कथा सर्वांना माहीत आहे. रघुनाथरावांनी पकडण्याचा हुकूम दिल्याचं कबूल केलं आणि प्रायश्चित्त विचारलं. शास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. वर हेही ऐकवलं की, तुम्ही गादीवर असेपर्यंत पुण्यात पाऊल टाकणार नाही. पद सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

ती शिक्षा कधीच अमलात आली नाही. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावला आजारपणात वारले. पण त्यांच्यावर लागलेला खुनाचा डाग कुणाला पुसता आला नाही. बारभाईंनी त्यांना बाजूला सारल्यावर शास्त्री परत न्यायासनावर आले आणि १७८९ मध्ये वारले. एवढं मोठं पद असूनही घरात दिवसापुरता शिधा ठेवायचा, जास्त साठवायचं नाही, हा त्यांचा नेम होता. त्यामुळे नोकरी सोडताना गमावण्यासारखं फारसं काही नव्हतं.

तेव्हा नकार द्यायचा तर न्यायाधीशाला घरी बसावं लागे. आज तशी वेळ येऊ नये म्हणून राज्यघटनेनेच सोय केली आहे. कलम ५० न्यायखातं सरकारी कारभारापासून वेगळं ठेवायला सांगतं. कलम २३५ प्रमाणे तालुका-जिल्ह्याच्या न्यायाधीशांवर ताबा उच्च न्यायालयाचा असतो, मंत्र्याचा किंवा कलेक्टरचा नाही.

तरीही दबाव संपत नाही, त्याचं रूप बदलतं. लेकीबाळींवरच्या अत्याचाराच्या खटल्यात कधी वजनदार माणूस आरोपीला सोडवायला बघतो, तर कधी संतापलेली गर्दी पुराव्याआधीच फाशी मागते. संताप खरा असतो, पण चौकशी कच्ची राहिली तर पीडितेलाच न्याय मिळत नाही. रामशास्त्र्यांनी आधी पुरावा पाहिला, मगच निकाल दिला. आणि निकाल देताना समोर कोण उभा आहे, हे पाहिलं नाही.