विश्लेषण : घरातल्या गेम रूमचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत का पोहोचतो? सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर शोधणारे सेबिन कोण होते?

नागपूरच्या कळमन्यात बाजार समितीचे यार्ड आणि ट्रकची ये-जा यांचा आवाज अंगवळणी पडतो. पण शेजारच्या घरात रात्री आर्केड मशीनची बटणे खडखडू लागली आणि स्पीकर दणाणला की वाद होतो. मग भिंतीला फोम चिकटवला जातो आणि तरीही तक्रार राहते. असे का होते, हे वॉलेस क्लेमेंट सेबिन यांच्या आयुष्यातून नीट समजते.

सेबिन कोण होते?

१३ जून १८६८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात जन्मलेले सेबिन वयाच्या अठराव्या वर्षी पदवीधर झाले आणि पुढे हार्वर्डमध्ये पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८९५ मध्ये त्यांच्याकडे एक नकोसे काम आले. विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयातील नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळतच नव्हते. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि तोवर पुढची अनेक अक्षरे त्यात मिसळत.

त्यांनी काय केले?

रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर ते कामाला लागत. जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या सहायकांसह आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि उजाडण्यापूर्वी गाद्या परत ठेवायच्या. सगळ्या गाद्या आत आल्यावर घुमण्याचा वेळ एका सेकंदाजवळ आला. स्वतःच्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी काही महिन्यांची मोजमापे रद्द केली आणि सगळे नव्याने मोजले.

१८९८ मध्ये सूत्र सापडले. खोलीचे घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण, म्हणजे आवाज विरण्याचा वेळ. शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी धरली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. हेच सूत्र वापरून उभारलेले बोस्टनचे सिम्फनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी खुले झाले. ते आज जगातील उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

घरच्या खोलीला हे कसे लागू होते?

४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली घ्या. घनफळ ३६ घनमीटर. भिंती, छत आणि फरशी मिळून ६६ चौरस मीटर. ते सगळे उघडे असून फक्त ३ टक्के आवाज शोषत असतील, तर आवाज जवळपास ३ सेकंद घुमतो. ८० टक्के आवाज शोषणारे १० चौरस मीटर जाड साहित्य लावले, तर हाच वेळ सुमारे ०.६ सेकंदांवर येतो आणि खोलीतली पातळी साधारण ७ डेसिबलने उतरते. मात्र पातळ फोम खर्जाचा दणका फारसा शोषत नाही.

मग शेजाऱ्यांचे काय?

इथेच गोंधळ होतो. कूलरसाठी उघडी ठेवलेली खिडकी सेबिन यांच्या मोजणीत सर्वोत्तम शोषक ठरते, पण तो आवाज थेट शेजारच्या घरात पोहोचतो. घुमणे कमी करणे आणि आवाज बाहेर जाऊ न देणे ही दोन वेगळी कामे आहेत. १९१५ मध्ये सेबिन यांनी हे दुसरे कामही अभ्यासले. फेल्टचे थर नुसते वाढवत जाण्यापेक्षा लोखंडी पत्रा, फेल्ट आणि मोकळी हवा यांचा एकत्र अडसर आवाज जास्त अडवतो, असे त्यांना दिसले.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी आवाजाचे बटण, मग मशीनच्या पायांखाली जाड रबर, दाराखालची फट बंद, पोकळ दाराऐवजी भरीव दार आणि शेवटी कापसाची गादी किंवा जाड पडदे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागासाठी मर्यादा ४५ डेसिबलची आहे, तर दिवसा ५५. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये.

शेवट कसा झाला?

पहिल्या महायुद्धाच्या काळात कामाचा भार वाढत गेला आणि प्रकृतीकडे दुर्लक्ष झाले. इलिनॉयमध्ये त्यांच्यासाठी बांधलेल्या ध्वनी प्रयोगशाळेचा त्यांना फारसा उपयोग करता आला नाही. १० जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ध्वनिशोषणाच्या एककाला आज 'सेबिन' म्हणतात.