गानहिरा हिराबाई बडोदेकर

दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत मंडई आणि शंकरपटाचे दिवस येतात. दिवसा बैलजोड्या धावतात आणि रात्री मांडवात नाटक उभे राहते, ते तांबडे फुटेपर्यंत चालते. त्या नाटकाची नायिका स्त्रीच असणार, हे आज कोणी बोलूनही दाखवत नाही. जुन्या दंडारीत मात्र लुगडे नेसून नाचणारा गावातलाच एखादा पोरगा असे, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नसे. पुण्यामुंबईची संगीत रंगभूमी झगमगाटाने कितीही मोठी असली तरी या बाबतीत ती दंडारीहून फार निराळी नव्हती. अवघा महाराष्ट्र बालगंधर्वांच्या भामिनी-सिंधूवर लुब्ध होता. अशा काळात एका तरुण गायिकेने घरच्या नाटक मंडळीतून स्वतः सुभद्रा होऊन उभे राहण्याचे धाडस केले. तिचे नाव हिराबाई बडोदेकर.

हिराबाईंचा जन्म 1905 साली मिरजेस झाला. वडील म्हणजे किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. आई ताराबाई माने बडोद्याच्या सरदार घराण्यातल्या. खाँसाहेब बडोदे दरबारी गायक असताना ही दोघे एकमेकांच्या ओढीने बडोदे सोडून निघाली. त्या काळी असे लग्न म्हणजे दोन्हीकडची दारे बंद करून घेणेच होते. त्यांना पाच मुले झाली आणि पाचांच्याही गळ्यात सूर होता. पुढे नवराबायकोचे पटेनासे झाले. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि त्यांनी मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपूची हिराबाई झाली, धाकट्या सकीनाची सरस्वती झाली. बडोदेकर हे आडनाव अशा रीतीने आले. ज्या गावातून आईला निघून जावे लागले, तेच गाव लेकीने जन्मभर नावापुढे मिरवले, याचे मला नेहमी नवल वाटते.

पित्याचे छत्र असे दुरावले, पण घराण्याची गायकी दुरावली नाही. हिराबाईंना खरी तालीम मिळाली ती उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची. एकेक स्वर निवांतपणे उलगडत नेण्याची, विलंबित लयीतल्या बढतीची त्यांची पद्धत हिराबाईंच्या गळ्याला मानवली. सुरेशबाबूंचेही मार्गदर्शन होतेच. 1921 साली मुंबईला पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत त्या गायल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा होते. पाठोपाठ ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. तबकडीच्या वाटेने हा आवाज मैफलीला कधीही न गेलेल्या घरांतूनही पोचला.

असे सगळे सुरळीत चालले असता हिराबाई नाटकाकडे का वळल्या? एक तर त्या काळी महाराष्ट्रात गाणे म्हणजे नाटक असेच समीकरण होते. घरात सुरेशबाबूंसारखा गायक भाऊ, बहिणी कमलाबाई आणि सरस्वती, सगळे एका तालमीतले. घरातल्या घरात अर्धी मंडळी तयार होती. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. गाणाऱ्या स्त्रीला त्या वेळी मान असा नव्हताच. बैठकीला बोलावणारे धनिक तिचे गाणे ऐकत, वाहवा करीत, पण तिला आपल्या घरच्या बायकांच्या पंगतीला बसवीत नसत. रंगभूमीवर तर तिला जागाच नव्हती. दादासाहेब फाळक्यांना 1913 साली 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, पण रंगभूमीवर स्त्रिया दिसत त्या बहुधा केवळ स्त्रियांच्याच मंडळ्यांतून, आणि तिथे पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करीत. पुरुषांबरोबर एकाच रंगमंचावर, कुलीन नायिकेच्या वेषात स्त्री उभी राहणे ही गोष्ट शिष्टसंमत नव्हती.

1929 साली नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेने रंगमंचावर पाऊल टाकले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' 1882 सालचे. त्यातली सुभद्रा तोवर पुरुषांच्याच गळ्यातून ऐकण्याची प्रेक्षकांना सवय होती. करीम खाँसाहेबांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व हेसुद्धा स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेले. त्याच घराण्याची लेक आता सुभद्रा झाली. प्रेक्षकांच्या मनात तुलना होणारच होती, आणि ती नेमकी बालगंधर्वांशी होणार होती! पुरुष नटाने स्त्रीच्या चालण्याबोलण्याची जी मोहक नक्कल रूढ केली होती, तीच खरी स्त्री असे मानण्यापर्यंत रसिकांची मजल गेली होती. तिथे खऱ्या स्त्रीला स्त्री म्हणून उतरणे सोपे नव्हते. ज्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकापासून नव्या रंगभूमीचा आरंभ मानतात आणि ज्यात ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांनी भूमिका केल्या, ते नाट्यमन्वंतरचे नाटक आले 1 जुलै 1933 रोजी. हिराबाईंचे पाऊल त्याआधी चार वर्षे पडले होते. इतिहास लिहिताना ही चार वर्षे पुष्कळदा विसरली जातात.

पण मुहूर्त वाईट होता. 1931 साली 'आलम आरा' आला, 1932 साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि बोलपटाने नाटकगृहे गिळायला सुरुवात केली. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या मंडळ्यांचा खर्च मोठा. पडदे, पोशाख, साथीदार, पन्नास माणसांची पंगत रोजची. उत्पन्न मात्र पावसाच्या भरवशावरचे. खुद्द बालगंधर्वांना 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त काम करावे लागले. दीनानाथांच्या बळवंत मंडळींनी 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढून पाहिला आणि हात पोळून घेतले. हिराबाईंची मंडळीही थोड्याच वर्षांत मिटली आणि मागे कर्जाचा डोंगर उरला.

मग त्याही पडद्याकडे वळल्या. 'सुवर्णमंदिर', बाबुराव पेंटरांचा 1937 सालचा 'प्रतिभा' आणि संत जनाबाईंवरचा बोलपट यांत त्यांनी कामे केली. 'प्रतिभा'त दुर्गाबाई खोटे आणि केशवराव दाते होते, संगीत गोविंदराव टेंब्यांचे होते. तरीही चित्रपटात हिराबाई रमल्या नाहीत. स्पष्टच लिहायचे तर अभिनेत्री म्हणून त्यांची गणना पहिल्या रांगेत करता येणार नाही. त्यांचा जीव स्वरात होता. ज्या गळ्याला यमनचा निषाद गाठण्यासाठी दहा मिनिटांची ऐसपैस वाट लागते, त्याने तीन मिनिटांच्या गाण्यात आणि कॅमेऱ्याच्या धाकात काय करावे? पडदा त्या घराण्याला अगदीच परका राहिला असेही नाही. सुरेशबाबू 1934 साली प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये नायक होते, आणि सरस्वतीबाई राणे यांचा आवाज 1943 च्या 'रामराज्य'मधून देशभर गेला.

कर्ज फिटले ते गाण्याने. हिराबाई मैफलीकडे परतल्या आणि गावोगाव गाऊन त्यांनी मंडळीचे देणे फेडले. नाटकाने त्यांचे पैसे बुडवले खरे, पण एक गोष्ट शिकवली असावी: तिकीट काढून येणाऱ्या परक्या माणसांसमोर ताठ मानेने गायचे कसे. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिका असे त्यांना मानले जाते. वरवर पाहता ही साधी व्यवहाराची बाब. पण बैठकीत यजमान एक असतो आणि गाणारी त्याची मिंधी असते. तिकिटाच्या मैफलीत यजमान कोणीच नसतो. जो दोन रुपये देतो त्याचा हक्क फक्त ऐकण्यापुरता. हिराबाई अंगभर पदर घेऊन, हातवारे न करता, उस्तादांसारख्या स्थिर बसून गात. त्यांचा मुलतानी, त्यांचा पटदीप ऐकायला मग घरच्या बायकाही नवऱ्याबरोबर येऊन बसू लागल्या. ख्यालानंतर ठुमरी, नाट्यपद, अभंग असा त्यांचा क्रम असे. बंद पडलेल्या नाटकाचे गाणे असे मैफलीच्या शेवटाला येऊन बसले, ते आजतागायत तिथेच आहे.

पुढले मानसन्मान सर्वांना ठाऊक आहेत. लोकांनी त्यांना गानहिरा म्हटले, 1965 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1970 साली पद्मभूषण मिळाले. धाकट्या बहिणीबरोबर, म्हणजे सरस्वतीबाईंबरोबर, त्या ख्यालाची जुगलबंदी गात. दोन स्त्रियांनी मिळून असा ख्याल गाणे हेही तेव्हा नवेच होते. सुरेशबाबूंची शिष्या प्रभा अत्रे यांनी त्यांच्यापाशी शिक्षण घेतले आणि किराण्याची ती वाट आणखी पुढे नेली.

20 नोव्हेंबर 1989 रोजी हिराबाईंचे निधन झाले. त्यांच्या सुभद्रेचे चालणेबोलणे पाहिलेली माणसे आता उरली नाहीत. पटदीपची ती तबकडी मात्र आहे, आणि जुने ग्रामोफोन जपणाऱ्या एखाद्या घरी ती अजून ऐकायला मिळते.