राजगडाच्या पायथ्याची राणी
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वेल्ह्याचे नाव निघाले की लोक तोरणा आणि राजगड विचारतात. तालुक्याचे नावही आता राजगड झाले आहे. आम्ही मात्र सवयीने वेल्हेच म्हणतो. रविवारी गडावर पुण्या-मुंबईच्या पोरांची रीघ असते. पण गडाच्या पायथ्याला पाल नावाचे लहानसे गाव आहे, तिथे थांबणारे थोडे. मीही एकोणीस वर्षांत कधी थांबले नव्हते. यंदा भाद्रपदात मुद्दाम गेले. पाब्याला एस.टी.तून उतरले, कानद ओलांडली आणि खाचरांच्या कडेने चालू लागले. भात पोटरीत आला होता. समोर बालेकिल्ला ढगात बुडालेला.

पालला जायचे कारण महाराणी सईबाई. त्यांची समाधी इथे आहे.

शाळेच्या पुस्तकात सईबाई दोन ओळींत संपतात. शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी आणि संभाजीराजांच्या आई. एवढे पाठ केले की गुण मिळत. त्या किती वर्षे जगल्या, हे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

त्या फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या कन्या. वडील मुधोजीराव, भाऊ बजाजी. भोसले आणि निंबाळकर यांची सोयरीक जुनीच होती; महाराजांच्या आजी उमाबाई याच घराण्यातल्या. 16 मे 1640 रोजी पुण्यात लाल महालात सईबाईंचे लग्न झाले. नवरदेव दहा वर्षांचे, नवरी सातएक वर्षांची. आज या वयाची मुलगी दुसरीत असते.

पुढची वर्षे स्वराज्याच्या उभारणीची. तोरणा हाती आला, समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड झाला, पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा माच्या बांधल्या गेल्या. ही सारी धामधूम आपण महाराजांच्या बाजूने वाचतो. त्याच वर्षांत सईबाईंच्या पदरी सखुबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई अशा तीन मुली आल्या. घरात सवतीही आल्या. माहेरी बजाजींवर विजापूर दरबारात धर्म बदलायची पाळी आली. पुढे त्यांना परत हिंदू धर्मात घेतले गेले आणि सखुबाई त्यांच्याच मुलाला, महादजींना दिली. तोंडी आधार देणे सोपे असते. पोटची पोर त्या घरात देणे ही वेगळी गोष्ट आहे. हा निर्णय घेताना सईबाईंना कोणी विचारले असेल का, असे माझ्या मनात आले. कादंबऱ्यांतल्या आणि मालिकांतल्या सईबाई पुष्कळ बोलतात. इतिहासाच्या पुस्तकांत मला त्यांचा एक शब्दही सापडला नाही.

14 मे 1657 रोजी पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला. या बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती ढासळली, ती सुधारली नाही. बाळाला अंगावर पाजण्यासाठी कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ आल्या. भोरला जाताना कापूरहोळचा फाटा लागतो. आम्ही तिथून शेकडो वेळा गेलो असू. दुसऱ्याच्या लेकराला दूध देणारी ती बाई तिथली, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

मग 1659 साल आले. अफजलखान विजापुराहून निघाला. वाटेत त्याने बजाजींना कैद केले, असे इतिहासकार सांगतात. महाराज प्रतापगडाच्या बाजूस होते. राजगडावर सईबाई अंथरुणाला खिळलेल्या. नवरा मृत्यूच्या तोंडाशी, भाऊ खानाच्या ताब्यात, मूल दोन वर्षांचे. 5 सप्टेंबर 1659 रोजी त्या राजगडावर वारल्या. वय सव्वीसच्या आसपास. त्यानंतर दोन महिन्यांनी, 10 नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली खान पडला. ती बातमी ऐकायला त्या नव्हत्या. शंभूराजांना पुढे जिजाऊंनी वाढवले.

5 सप्टेंबरला आमच्या कॉलेजात शिक्षक दिन असतो, भाषणे होतात. सईबाईंची आठवण त्या दिवशी कोणी काढल्याचे मी ऐकले नाही. अर्थात मीही कधी काढली नव्हती.

तिथीने तो दिवस भाद्रपद वद्य चतुर्दशीचा, म्हणजे सर्वपित्रीच्या आदला. पितृपंधरवडा आमच्या घरी कडक पाळतात. त्यात नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी ही अविधवा नवमी. आमच्याकडे ती आजोबांच्या पहिल्या बायकोसाठी असते. ती बाळंतपणात गेली. मूलही राहिले नाही. तिचा फोटो नाही, कोणत्या साली गेली ते आजीलाही सांगता येत नाही. आजी तिच्यानंतर या घरात आली. तरी दर वर्षी पुरण तीच वाटते, आणि सवाष्णीची ओटीही तीच भरते. घरातली कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून घराचा इतिहास लिहून काढायचा असे ठरवले होते. त्या बाईपाशी आले आणि वही थांबली.

पालच्या समाधीपाशी मला तीच आठवली. गडावर पद्मावतीच्या देवळासमोरही एक समाधी सईबाईंची म्हणून दाखवतात. म्हणजे राणीचीही नक्की जागा एक नाही. मी दोन्ही पाहिल्या, पण जीव पालला जास्त रमला. तिथून मान वर केली की पाली दरवाजाची वाट दिसते. त्या वाटेने घोडे, पालख्या, जासूद सारे चढले-उतरले असतील. आजारी माणसाला मात्र तो चढ केवढा वाटला असेल!

परतताना पावसाने गाठले. ओलीचिंब होऊन घरी पोचले, तर आजीने पहिले हेच विचारले की राणीला हळदकुंकू वाहिलेस का. मी नुसती पाया पडून आले होते. आजीने कपाळाला हात लावला. आता पुढच्या नवमीला ती स्वतः येणार आहे. गुडघे धरतात, पण पाब्यापर्यंत एस.टी. आहे, पुढचे पाहू म्हणते.