राईट बंधूंच्या आधी २००० वेळा उडालेला माणूस: विकत मिळणारं ग्लायडर बनवणारा ऑटो लिलिएनथाल

विमानाचा शोध कुणी लावला? राईट बंधूंनी, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण मंडळी, त्यांच्या १९०३ च्या उड्डाणाआधी जर्मनीत एक माणूस स्वतः बनवलेले पंख लावून टेकड्यांवरून झेपावत होता. एकदा-दोनदा नव्हे, सुमारे २००० वेळा!

ऑटो लिलिएनथालचा जन्म २३ मे १८४८ चा, गाव आन्क्लाम. तिथल्या कुरणांत उतरणारे करकोचे तो आणि धाकटा भाऊ गुस्ताव तासन् तास न्याहाळायचे. शाळकरी वयातच दोघांनी पंख बांधून उडून पाहिलं. अर्थातच फसलं. पुढे ऑटो इंजिनिअर झाला, बर्लिनमध्ये त्याने वाफेच्या बॉयलरचा कारखाना काढला, पण वेड सुटलं नाही. सपाट पंखापेक्षा किंचित बाकदार पंखाला हवा जास्त उचलते, हे त्याने मोजमापं घेऊन दाखवलं आणि १८८९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं.

१८९१ पासून तो प्रत्यक्ष उडू लागला. विलोच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं सुती कापड, वजन साधारण २० किलो. हात आत अडकवायचे, पाय खाली लोंबकळत. वळायचं कसं? अंग हलवून! उजवीकडे जायचं तर पाय उजवीकडे फेकायचे. वारा कुठूनही आला तरी उडता यावं म्हणून १८९४ मध्ये त्याने बर्लिनजवळ १५ मीटर उंचीची टेकडीच रचून घेतली. रिनोच्या टेकड्यांवरून तर तो २५० मीटरपर्यंत गेला.

गंमत म्हणजे हे ग्लायडर तो कारखान्यात बनवून विकायचा. किंमत ५०० मार्क. गिऱ्हाइकं मोजकीच, पण नावं पाहा: रशियाचे शास्त्रज्ञ झुकोव्स्की, ब्रिटनचा पर्सी पिल्चर, अमेरिकेचे वृत्तपत्रसम्राट हर्स्ट.

९ ऑगस्ट १८९६. श्टोल्न गावाजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर ग्लायडर हवेत अचानक थबकलं, नाक खाली गेलं. ऑटोने अंग झोकून ते सावरायचा प्रयत्न केला, पण तेवढ्याने भागलं नाही. सुमारे १५ मीटरवरून तो कोसळला, मानेचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ४८.

ही बातमी अमेरिकेत सायकली विकणाऱ्या दोन भावांनी वाचली. विल्बर आणि ऑर्व्हिल राईट! त्यांनी सुरुवात लिलिएनथालच्याच आकड्यांवरून केली. फक्त अंग हलवून तोल सांभाळणं मात्र सोडलं आणि पंखच पिळता येतील अशी सोय केली.