विश्लेषण : क्षमेच्या कथा लिहिणाऱ्या फ्लॅनरी ओकॉनर यांचे नाव इमारतीवरून का हटवले गेले?

अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या लोयोला विद्यापीठाने जुलै २०२० मध्ये आपल्या एका वसतिगृहाचे नाव बदलले. इमारतीला फ्लॅनरी ओकॉनर यांचे नाव होते. विद्यापीठ कॅथलिक, लेखिकाही कॅथलिक आणि तिचा मृत्यू होऊन अर्धशतक उलटलेले. विसाव्या शतकातील ख्रिस्ती कथेत देवाची कृपा आणि क्षमा हे विषय त्यांच्याइतक्या धारदारपणे फार थोड्यांनी हाताळले. मग त्यांचे नाव नकोसे का झाले? हे समजून घेण्यासाठी त्यांचे ३९ वर्षांचे आयुष्य आणि त्यांच्या कथा दोन्ही पाहाव्या लागतात.

फ्लॅनरी ओकॉनर कोण होत्या?

त्यांचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात झाला. अमेरिकेचा हा दक्षिण भाग कट्टर प्रोटेस्टंट आणि ओकॉनर यांचे कुटुंब आयरिश वंशाचे कॅथलिक. त्यामुळे आपल्याच गावात थोडे बाहेरचे असल्याची जाणीव त्यांना लहानपणापासून होती. पुढे कुटुंब त्याच राज्यातील मिलेजव्हिलला आले. फ्लॅनरी १५ वर्षांच्या असताना १९४१ मध्ये वडील ल्युपस या आजाराने गेले. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते.

स्थानिक महिला महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या आयोवा विद्यापीठाच्या प्रसिद्ध लेखन कार्यशाळेत दाखल झाल्या. १९४७ मध्ये तिथली पदव्युत्तर पदवी मिळाली. नंतर न्यूयॉर्क आणि कनेक्टिकट येथे राहून त्या पहिली कादंबरी लिहू लागल्या. घरापासून दूर, पूर्णवेळ लेखक म्हणून जगण्याचा बेत जमत आला होता.

आजाराने काय बदलले?

डिसेंबर १९५० मध्ये नाताळसाठी घरी येताना त्या गंभीर आजारी पडल्या. निदान झाले ते वडिलांच्याच आजाराचे. आईने ते त्यांच्यापासून लपवून ठेवले होते. १९५२ मध्ये एका मैत्रिणीकडून त्यांना खरे कळले. तोपर्यंत त्या आईसोबत मिलेजव्हिलजवळच्या ‘अँडालुसिया’ या दुग्धव्यवसायाच्या शेतावर राहायला आल्या होत्या. पुढची सगळी वर्षे तिथेच गेली.

रोज सकाळी दोन-तीन तास लेखन आणि बाकी वेळ पत्रे, पाहुणे व पाळलेले मोर, असा दिनक्रम होता. स्टेरॉइडच्या उपचारांनी आयुष्य वाढले, पण पुढे कुबड्या घ्याव्या लागल्या. १९५८ मध्ये नातेवाईकांच्या आग्रहाखातर त्या फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्रीही जाऊन आल्या. ‘वाइज ब्लड’ (१९५२) आणि ‘द व्हायलंट बेअर इट अवे’ (१९६०) या दोन कादंबऱ्या आणि ‘अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड’ (१९५५) हा कथासंग्रह एवढीच पुस्तके त्यांच्या हयातीत आली. ३ ऑगस्ट १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कथांमधली ‘कृपा’ वेगळी कशी?

आपल्याकडे सगळे सुरळीत असले की देवाची कृपा आहे असे म्हणतात. ओकॉनर यांच्या कथांत नेमके उलटे घडते. कॅथलिक शिकवणीनुसार कृपा ही न कमावता मिळणारी देणगी असते. पण ज्याला आपण मुळातच चांगले आहोत असे वाटते, तो ती घेणार कशी? म्हणून त्यांच्या कथांत कृपा धक्का देत, कधी रक्त सांडत येते.

शीर्षककथेत सहलीला निघालेल्या कुटुंबाची गाठ तुरुंगातून पळालेल्या खुन्याशी पडते. स्वतःच्या खानदानीपणाचा तोरा मिरवणाऱ्या आजीला मृत्यूच्या दारात तो खुनी आपल्याच लेकरासारखा वाटतो. ती त्याच्या खांद्याला हात लावते आणि तो तिला गोळ्या घालतो. क्षमेचा क्षण येतो, पण सुखान्त येत नाही. वाचकाला दिलासा देणाऱ्या, भाबड्या धार्मिक कथा त्यांना अजिबात मान्य नव्हत्या.

‘रेव्हलेशन’ ही कथा महत्त्वाची का?

शेवटच्या आजारपणाच्या सुमारास पूर्ण झालेली ही कथा डॉक्टरांच्या दवाखान्यात सुरू होते. मिसेस टर्पिन या सुखवस्तू गोऱ्या बाई समोर बसलेल्यांची मनातल्या मनात प्रतवारी लावतात. तळाला बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांच्या बरोबरीने पण वेगळे गरीब गोरे, मग घर असलेले आणि वर घर-जमीन असलेले, म्हणजे त्या स्वतः. आपल्याला असे जन्माला घातल्याबद्दल त्या देवाचे आभार मानतात. तेवढ्यात एक तरुणी हातातले पुस्तक त्यांच्या तोंडावर भिरकावते आणि त्यांना रानडुकराची उपमा देते. तिचे नाव मेरी ग्रेस. ग्रेस म्हणजेच कृपा.

संध्याकाळी डुकरांच्या खुराड्यापाशी उभ्या राहून टर्पिनबाई देवाला जाब विचारतात. तेव्हा त्यांना आकाशात स्वर्गाकडे निघालेली मिरवणूक दिसते. ज्यांना त्यांनी खालचे मानले ते सगळे पुढे असतात आणि त्यांच्यासारखे सभ्य लोक सर्वांत मागे. त्यांचे सद्गुणसुद्धा जळून जात असतात.

मग वाद कशाचा?

वर्णभेदाच्या या उतरंडीवर इतकी नेमकी कथा लिहिणाऱ्या ओकॉनर खासगी पत्रांत मात्र कृष्णवर्णीयांविषयी तुच्छतेने लिहीत. त्यांना समान हक्क मिळावेत हे तत्त्वतः त्यांना मान्य होते. मनाने मात्र त्या तिथे पोहोचल्या नव्हत्या. १९५९ मध्ये कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांची जॉर्जियात भेट घेण्यास त्यांनी नकार दिला. तिथल्या समाजात ते चालणार नाही, हे कारण होते.

जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर अमेरिकेत वर्णद्वेषविरोधी आंदोलन पेटले असताना, जून २०२० मध्ये ‘न्यूयॉर्कर’मधील एका लेखाने ही पत्रे चर्चेत आणली. विद्यार्थ्यांनी मागणी केली आणि विद्यापीठाने वसतिगृहाला कृष्णवर्णीय कॅथलिक नन थिया बोमन यांचे नाव दिले. त्याविरोधात ८० हून अधिक लेखक-अभ्यासकांनी पत्र लिहिले. त्यात कृष्णवर्णीय लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांचीही सही होती. वॉकर यांचे बालपणीचे काही दिवस ओकॉनर यांच्या शेताजवळच गेले होते.

या वादातून काय उरते?

ओकॉनर यांचे साहित्यिक स्थान ढळलेले नाही. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समग्र कथांना १९७२ मध्ये ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळाले. २०२३ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘वाइल्डकॅट’ हा चित्रपट आला.

इमारतीला कोणाचे नाव द्यायचे हा सन्मानाचा प्रश्न आहे. त्या इमारतीत राहणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यावर मत असणे साहजिक आहे. कथा वाचायच्या की नाहीत हा वेगळा प्रश्न. पत्रांतला दोष कथांमुळे पुसला जात नाही आणि पत्रांमुळे कथा खोट्या ठरत नाहीत. उलट पत्रे वाचल्यावर लक्षात येते, की मिसेस टर्पिन यांच्या मनातली प्रतवारी लेखिकेला इतकी बारकाईने माहीत होती, कारण ती तिच्या स्वतःच्या घरातली, काही अंशी मनातलीही होती. त्या मिरवणुकीत ओकॉनर यांची जागा कुठे असेल, याचे उत्तर त्यांच्याच कथेत आहे. सर्वांत मागे, पण मिरवणुकीच्या आत.