मूठभर धान्यावर उभी राहिलेली ‘रयत’ : कर्मवीरांनी पैशाचं गणित कसं जमवलं?

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगमध्ये एक पिशवी फिरते. दारू सोडलेली किंवा सोडू पाहणारी माणसं त्यात जमेल तेवढे दहा-वीस रुपये टाकतात. ज्याच्याकडे नसतील तो पिशवी नुसती पुढे सरकवतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. हॉलचं भाडं आणि चहाचा खर्च त्यातूनच निघतो. फी नसते आणि बाहेरच्या माणसाची देणगी, मग ती कितीही मोठी असो, घेतली जात नाही. देणारा मोठा झाला की हुकूमही त्याचाच चालतो, ही भीती त्यामागे आहे.

ही चळवळ अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली. पण ज्याचं काम त्यानंच आपल्या ऐपतीप्रमाणे उभं करायचं, हा हिशेब सातारा-सांगलीच्या मातीत त्याच्या कितीतरी आधी एका माणसानं मांडला होता. त्याचं व्यसन मात्र वेगळं होतं, पोरांना शिकवायचं.

भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कोल्हापूर जिल्ह्यातलं कुंभोज. घराणं आताच्या सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. शिक्षणासाठी कोल्हापुरात राहिले, शाहू महाराजांचा सहवास मिळाला. पुढे डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठेंविरुद्ध खोटी साक्ष द्यायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला.

त्यानंतर त्यांनी चक्क विक्रेत्याची नोकरी केली. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. ओगल्यांच्या काच कारखान्यासाठीही काम केलं. माझ्या मते त्यांचं खरं कॉलेज हेच. शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा नसतो पण धान्य असतं, हे शहरात बसून कळलं नसतं.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. त्या काळात हे भल्याभल्यांना पचणारं नव्हतं. १९२७ साली गांधीजी इथे आले आणि बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

आता मुद्द्याचा प्रश्न. एवढ्या पोरांना खायला काय घालायचं?

इथे आला मुष्टिफंड. बाईनं दळायला बसताना किंवा स्वयंपाकाला लागताना एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते साठलं की बोर्डिंगला द्यायचं. एका मुठीनं कुणाचं घर बुडत नाही, पण गावभराच्या मुठींची पोती होतात. आणि ज्या घरातून मूठ गेली, त्या घराला ती शाळा आपली वाटते. मला यातला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

तरी ओढाताण व्हायचीच. तेव्हा पुढे आल्या लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी एकेक करत दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही. त्या काळातल्या सवाष्णीसाठी याचा अर्थ काय होता, हे घरातल्या आजीला विचारून बघा. १९३० मध्ये त्या गेल्या. भाऊरावांचे पुतळे गावोगाव आहेत, लक्ष्मीबाईंचं नाव मात्र निम्म्या लोकांना सांगता येत नाही. खरं तर संस्थेच्या पहिल्या मोठ्या देणगीदार त्याच.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि तिथे ‘कमवा आणि शिका’ नीट बसलं. पैसे नाहीत ना? मग हात आहेत. मुलं शेतात राबायची, माळ फोडायची, कष्टातून शिक्षणाचा खर्च काढायची. आपण फुकट शिकतोय ही सल त्यामुळे राहत नसे.

पण भाऊराव सरकारी पैसा अजिबात घेत नव्हते, असं समजू नका. शाळांना अनुदान होतं. म्हणूनच गांधीहत्येनंतरच्या काळात, सरकारवर केलेली टीका बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाला झोंबली आणि अनुदान थांबलं, तेव्हा फटका जबरदस्त बसला. इतक्या शाळा, इतके शिक्षक, पगार कुठून द्यायचे? भाऊराव पुन्हा लोकांपुढे गेले. मदतीला आले गाडगेबाबा, ज्यांच्या कीर्तनांनी कित्येकांची दारू सोडवली होती. त्यांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. १९५४ साली कराडला निघालेल्या रयतच्या कॉलेजला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव आहे.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचं निधन झालं. समाधी साताऱ्यात आहे, संस्थेच्याच आवारात.

रयतचे शिक्षक आणि कर्मचारी आजही आपल्या पगारातला काही हिस्सा संस्थेला देतात. त्याला कृतज्ञता निधी म्हणतात.