विल्यम रिचर्ड गॉवर्स

सर विल्यम रिचर्ड गॉवर्स (२० मार्च, १८४५ – ४ मे, १९१५) हे ब्रिटिश वैद्य, मज्जाविकारतज्ज्ञ, संशोधक आणि वैद्यकीय ग्रंथकार होते. मेंदू, मेरुरज्जू आणि चेता यांच्या विकारांचा चिकित्सकांना रोजच्या कामात उपयोगी पडेल असा पहिला सर्वांगीण इंग्रजी संदर्भग्रंथ एकट्याने सिद्ध करणारे लेखक म्हणून ते ओळखले जातात. 'अ मॅन्युअल ऑफ डिसीझेस ऑफ द नर्व्हस सिस्टिम' हा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८८६ ते १८८८ या काळात प्रसिद्ध झाला. इंग्रजी भाषक वैद्यांमध्ये तो मज्जाविकारशास्त्राचे बायबल म्हणून ओळखला जाई. अपस्मार, स्नायूंचा अपक्षय, मेरुरज्जूचे विकार आणि दृष्टिपटलाची तपासणी या विषयांवरील त्यांचे लेखनही महत्त्वाचे मानले जाते. रक्तातील हीमोग्लोबिन मोजण्याचे सोपे उपकरण त्यांनी तयार केले. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे गॉवर्स चिन्ह आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकविले जाते.

सुरुवातीचे जीवन

गॉवर्स यांचा जन्म लंडनमधील हॅकनी येथे झाला. त्यांचे वडील स्त्रियांची पादत्राणे बनविण्याचा व्यवसाय करीत. भावंडांपैकी केवळ विल्यम हेच जगले. ते अकरा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. त्यानंतर ते ऑक्सफर्ड येथे नातेवाइकांकडे राहून ख्राइस्ट चर्चच्या शाळेत शिकले. पुढे काही काळ त्यांनी शेतीत उमेदवारी करून पाहिली, परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही.

वयाच्या सोळाव्या वर्षी एसेक्स परगण्यातील कॉगशॉल या गावी ते एका वैद्याकडे शिकाऊ म्हणून राहिले. औषधे तयार करणे, रुग्णांच्या घरी जाणे आणि उरलेल्या वेळात अभ्यास करणे असा त्यांचा दिनक्रम होता. याच काळात त्यांनी आयझॅक पिटमन यांची लघुलिपी आत्मसात केली आणि त्या लिपीत रोजनिशी लिहिण्यास प्रारंभ केला. पुढील आयुष्यात त्यांच्या सर्व संशोधनाचा पाया ठरलेली सवय येथेच जडली.

शिक्षण आणि रुग्णालयातील सेवा

१८६३ च्या सुमारास गॉवर्स यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला. १८६९ मध्ये त्यांनी एम.बी. आणि १८७० मध्ये एम.डी. ही पदवी मिळविली. तेथील नामवंत वैद्य सर विल्यम जेनर यांचे सहायक म्हणून त्यांनी काम केले. कुटुंबाचा आधार आणि ओळखीपाळखी नसलेल्या तरुणाला ही संधी मोलाची ठरली.

१८७० मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील पक्षाघात व अपस्मार यांच्या राष्ट्रीय रुग्णालयात ते वैद्यकीय नोंदणीकार म्हणून रुजू झाले. १८५९ मध्ये स्थापन झालेले हे रुग्णालय त्या काळी एका नव्या शास्त्राचे केंद्र बनत होते. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन आणि डेव्हिड फेरियर यांच्यासारखे अभ्यासक तेथे कार्यरत होते. नोंदणीकाराचे काम कनिष्ठ समजले जाई. रुग्णाचा वृत्तान्त ऐकणे, तपासणी करणे, सर्व काही टिपून ठेवणे आणि मृत्यू झाल्यास शवविच्छेदनातील निष्कर्ष मूळ नोंदींशी ताडून पाहणे हे त्याचे स्वरूप होते. गॉवर्स यांनी लघुलिपीच्या साह्याने हे काम असाधारण काटेकोरपणे केले. पुढे ते याच रुग्णालयात आणि युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातही वैद्य झाले, तसेच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी अध्यापन केले.

दृष्टिपटलाची तपासणी

हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक (ऑप्थॅल्मोस्कोप) शोधून काढल्यामुळे जिवंत माणसाच्या डोळ्यातील रक्तवाहिन्या आणि दृष्टिचेतेचे टोक प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. हे साधन केवळ नेत्रवैद्यापुरते मर्यादित नसून शरीराच्या अन्य रोगांचे निदान करण्यासाठीही वापरले पाहिजे, असा गॉवर्स यांचा आग्रह होता. मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकारात दृष्टिपटलातील रोहिण्या अरुंद होतात आणि त्याचा संबंध रोहिण्यांमधील वाढलेल्या दाबाशी असतो, असे त्यांनी १८७६ मध्ये मांडले. बाहूवर पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे उपकरण १८९६ मध्ये आले. त्यापूर्वी मुख्यतः नाडीला बोट लावून दाबाचा अंदाज बांधावा लागे, हे लक्षात घेता या निरीक्षणाचे महत्त्व कळते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाचे दृष्टिपटल तपासण्याची जी पद्धत आज हृदयरोग आणि मज्जाविकार या दोन्ही शाखांत रूढ आहे, तिच्या आरंभीच्या प्रवर्तकांमध्ये गॉवर्स यांची गणना होते.

या विषयावरील त्यांचा सचित्र ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील दृष्टिपटलाची चित्रे त्यांनी स्वतः काढली होती.

हीमोग्लोबिनमापक

१८७८ मध्ये गॉवर्स यांनी हीमोग्लोबिनमापक तयार केला. त्यात दोन सारख्या काचनळ्या असत. एका नळीत प्रमाणित रंगाचे ग्लिसरीनयुक्त जिलेटिन बंद केलेले असे. निरोगी माणसाचे रक्त शंभर पट पातळ केल्यावर येणाऱ्या रंगाशी त्याचा रंग जुळविलेला असे. दुसऱ्या नळीत रुग्णाच्या रक्ताचा मोजका थेंब घालून दोन्ही रंग सारखे होईपर्यंत थेंबाथेंबाने पाणी मिसळले जाई. नळीवरील खुणांवरून हीमोग्लोबिनचे शेकडा प्रमाण वाचता येई. हे उपकरण स्वस्त आणि खिशात मावणारे असल्याने पांडुरोगाचे प्रमाण रुग्णाच्या खाटेशेजारीच आकड्यात सांगणे शक्य झाले. पुढे हॉल्डेन आणि साहली यांनी याच तत्त्वावर सुधारित उपकरणे तयार केली. त्यांपैकी साहली यांचे उपकरण भारतातील प्रयोगशाळांत अनेक दशके वापरात होते.

गॉवर्स चिन्ह

स्नायू वरवर भरदार दिसत असूनही दुबळे होत जाणाऱ्या लहान मुलांच्या विकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी केले होते. गॉवर्स यांनी १८७९ मध्ये त्यावर विस्तृत लेखन केले. असे मूल जमिनीवरून उठताना प्रथम हातापायांवर ओणवे होते, नंतर कंबर वर उचलते आणि मग एकेक हात गुडघ्यावर व मांडीवर टेकवीत जणू स्वतःच्याच शरीरावर चढून उभे राहते. कंबर आणि मांड्यांचे स्नायू दुबळे झाल्याची ही खूण म्हणजेच गॉवर्स चिन्ह होय. ती पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

हा विकार प्रामुख्याने मुलग्यांना होतो आणि तो आईच्या कुळाकडून येतो, हेही गॉवर्स यांनी स्पष्ट केले. एकाच आईच्या पण वेगळ्या वडिलांच्या मुलांना तो झाल्याच्या नोंदींचा त्यांनी दाखला दिला. मेंडेल यांचे आनुवंशिकतेवरील कार्य तेव्हा शास्त्रज्ञांना अपरिचित होते. जनुकीय कारण समजण्याच्या कितीतरी आधी केवळ कुटुंबांच्या वृत्तान्तांवरून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता.

अपस्मारावरील लेखन

अपस्मार आणि तत्सम आकडीच्या विकारांवरील गॉवर्स यांचा ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो १,४५० रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला होता. पहिला झटका कोणत्या वयात आला, पहिल्या आणि दुसऱ्या झटक्यात किती अंतर होते, कुटुंबात अन्य कोणाला हा विकार होता काय, अशा प्रश्नांची त्यांनी आकडेवारीसह उत्तरे शोधली. अपस्माराच्या रुग्णांकडे भीतीने किंवा तिरस्काराने पाहिले जाण्याच्या त्या काळात रुग्णाच्या भवितव्याविषयी अनुभवाधारित विधाने करणारा हा ग्रंथ वैद्यांना आधारभूत वाटला.

प्रत्येक झटका पुढील झटक्याचा मार्ग सुकर करतो आणि म्हणून उपचार लवकर सुरू करून झटके थांबविणे आवश्यक आहे, असे मत गॉवर्स यांनी मांडले. १९६० च्या दशकात प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांमुळे या मताकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. तथापि सर्व प्रकारच्या अपस्मारांना ते लागू पडते काय, याविषयी तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत.

१९०७ मध्ये त्यांनी अपस्माराच्या सीमारेषेवरील विकारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मूर्च्छा, भोवळ, अर्धशिशी आणि झोपेतील काही लक्षणे अपस्मारासारखी भासतात, पण ती अपस्मार नसतात, हे त्यात उदाहरणांसह सांगितले आहे. शुद्ध हरपण्याचे कारण मेंदूत आहे की हृदय व रक्ताभिसरणात आहे, हा प्रश्न आजही चिकित्सकापुढे वारंवार येतो. चुकीच्या निदानामुळे रुग्णाच्या माथी आयुष्यभराचे औषध आणि सामाजिक कलंक येऊ शकतो. या दृष्टीने हे छोटे पुस्तक महत्त्वाचे मानले जाते.

मज्जासंस्थेच्या विकारांचा संदर्भग्रंथ

१८८० मध्ये गॉवर्स यांचे मेरुरज्जूच्या विकारांच्या निदानावरील लहान पुस्तक प्रसिद्ध झाले. मेरुरज्जूतून अनुमस्तिष्काकडे जाणाऱ्या एका चेतामार्गाचे वर्णन त्यात होते. तो मार्ग पुढे त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. रुग्णाच्या लक्षणांवरून मेरुरज्जूच्या नेमक्या कोणत्या पातळीवर इजा आहे, हे ठरविण्याची रीत त्यांनी या पुस्तकात शिकविली.

त्यानंतर मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १८८६ मध्ये आला. त्यात मेरुरज्जू आणि चेतांचे विकार होते. मेंदूच्या विकारांवरील दुसरा खंड १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक विकाराची कारणे, लक्षणे, शरीरातील विकृती, निदान, संभाव्य परिणाम आणि उपचार अशी ठरावीक क्रमाने मांडणी असल्यामुळे चिकित्सकाला हवी ती माहिती चटकन सापडे. बहुसंख्य वर्णने गॉवर्स यांच्या स्वतःच्या रुग्णांवरून केलेली होती. आकृत्याही बव्हंशी त्यांनीच काढल्या होत्या. ह्यूलिंग्ज जॅक्सन यांचे विचार मूलगामी असले, तरी त्यांची भाषा अनेकांना दुर्बोध वाटे. त्या शाखेतील ज्ञान सामान्य वैद्यापर्यंत सुबोध रीतीने पोहोचविण्याचे श्रेय मुख्यतः गॉवर्स यांना दिले जाते. ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८९० च्या दशकाच्या प्रारंभी निघाली. त्याचे जर्मन भाषांतरही झाले.

मेरुरज्जूवरील शस्त्रक्रिया

अचूक निदानाचा रुग्णाला प्रत्यक्ष काय लाभ, हा प्रश्न तेव्हा वारंवार विचारला जाई, कारण बहुतेक मज्जाविकारांवर उपचारच नव्हते. १८८७ मधील एका घटनेने त्याला उत्तर दिले. पाठीतील असह्य वेदना आणि दोन्ही पायांचा वाढता पक्षाघात असलेल्या एका रुग्णास गॉवर्स यांनी त्या वर्षी जूनमध्ये तपासले. मेरुरज्जूवर गाठीचा दाब पडत असल्याचे निदान करून त्यांनी तिची जागाही सांगितली. शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली यांनी ९ जून, १८८७ रोजी शस्त्रक्रिया केली. प्रथम उघडलेल्या भागात गाठ दिसली नाही. मणक्यांचा आणखी वरचा भाग उघडल्यावर ती सापडली आणि पूर्णपणे काढता आली. रुग्ण पुन्हा चालू लागला व कामावर परतला. गॉवर्स आणि हॉर्स्ली यांनी १८८८ मध्ये हा वृत्तान्त संयुक्तपणे प्रसिद्ध केला. लक्षणांवरून मेरुरज्जूतील गाठीची जागा निश्चित करून ती यशस्वीपणे काढल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

लघुलिपीचा प्रसार

गॉवर्स हे लघुलिपीचे कट्टर पुरस्कर्ते होते. स्मरणावर विसंबून केलेली नोंद ही निरीक्षण नसून निरीक्षणाची आठवण असते, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे विद्यार्थ्यांनी लघुलिपी शिकावी यासाठी ते सतत प्रयत्नशील राहिले. १८९४ मध्ये त्यांनी लघुलिपी जाणणाऱ्या वैद्यांची संस्था स्थापन केली. तिच्यामार्फत लघुलिपीत छापलेले वैद्यकीय नियतकालिकही निघत असे. हा आग्रह त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना विक्षिप्त वाटे आणि चळवळीला व्यापक यश मिळाले नाही. त्यांच्या ग्रंथांतील रुग्णवृत्तान्तांच्या बारकाव्यांमागे मात्र हीच सवय होती.

मर्यादा

गॉवर्स यांच्या उपचारांवर त्यांच्या काळाची छाप होती. अपस्मारासाठी ते मुख्यतः ब्रोमाइड देत. त्याचा उपयोग होत असला, तरी गुंगी आणि त्वचेवरील पुरळ यांसारखे दुष्परिणामही होत. अनेक विकारांच्या उपचारांविषयीची प्रकरणे निदानाच्या तुलनेत दुबळी आहेत. त्यांच्या ग्रंथांची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा चेतापेशींच्या रचनेविषयीचे आधुनिक ज्ञान नुकतेच आकार घेत होते. त्यामुळे त्यांतील कारणमीमांसेचा बराच भाग पुढे मागे पडला.

वैयक्तिक जीवन

१८७५ मध्ये गॉवर्स यांचा विवाह लीड्स येथील वृत्तपत्र व्यवसायातील बेन्स घराण्यातील मेरी यांच्याशी झाला. त्यांना दोन मुलगे आणि दोन मुली होत्या. चित्रकला व वनस्पतिशास्त्र हे गॉवर्स यांचे आवडीचे विषय होते. त्यांनी केलेले एक उत्कीर्णन रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात मांडले गेले होते. थोरले पुत्र विल्यम फ्रेडरिक हे युगांडाचे गव्हर्नर झाले. धाकटे पुत्र अर्नेस्ट यांनी सरकारी इंग्रजी सोपी व्हावी म्हणून १९४८ मध्ये लिहिलेले 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक प्रसिद्ध आहे. फील्ड्स पदकाचे मानकरी गणितज्ञ टिमोथी गॉवर्स हे अर्नेस्ट यांचे पणतू होत.

सन्मान आणि निधन

१८८७ मध्ये गॉवर्स यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. १८९७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. अखेरच्या काळात प्रकृती ढासळल्याने त्यांनी रुग्णालयातील काम सोडले. ४ मे, १९१५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

क्ष-किरणांचाही शोध लागलेला नसताना गॉवर्स यांनी आपला मुख्य ग्रंथ लिहिला. मज्जासंस्थेच्या आतील इजा शोधण्यासाठी त्यांच्या हाती रुग्णाचे कथन, गुडघ्याचा प्रतिक्षेप, संवेदनेची तपासणी आणि नेत्रदर्शक एवढीच साधने होती. आज मेंदूची प्रतिमा काही मिनिटांत मिळते. तरीही कोणत्या भागाची प्रतिमा घ्यायची, हे ठरविण्यासाठी रुग्णाचा वृत्तान्त आणि शारीरिक तपासणी यांचाच आधार घ्यावा लागतो. मज्जाविकारांच्या संदर्भग्रंथांत विकारांची मांडणी ज्या क्रमाने केली जाते, त्यावर गॉवर्स यांच्या ग्रंथाचा प्रभाव दिसून येतो.

प्रमुख ग्रंथ

अ मॅन्युअल अँड अ‍ॅटलास ऑफ मेडिकल ऑप्थॅल्मोस्कोपी (१८७९)
स्यूडो-हायपरट्रॉफिक मस्क्युलर पॅरॅलिसिस (१८७९)
द डायग्नोसिस ऑफ डिसीझेस ऑफ द स्पायनल कॉर्ड (१८८०)
एपिलेप्सी अँड अदर क्रॉनिक कन्व्हल्सिव्ह डिसीझेस (१८८१)
अ मॅन्युअल ऑफ डिसीझेस ऑफ द नर्व्हस सिस्टिम (२ खंड, १८८६–१८८८)
सिफिलिस अँड द नर्व्हस सिस्टिम (१८९२)
द बॉर्डरलँड ऑफ एपिलेप्सी (१९०७)